सांगून जायचं

रतनकाकींच्या घरी परदेशातून एखादी मुलगी राहायला आली, की तिने पाठीवरची बॅग खाली ठेवायच्या आत काकी पहिला प्रश्न विचारत, "जातलंस कधी?"

हा प्रश्न इंग्रजीत करून सांगायचं काम माझं. पहिल्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर वीस वर्षांची पोरगी, अर्धी पृथ्वी ओलांडून आलेली, घामाने चिंब, डोळे झोपेने जड. तिला उंबऱ्यातच विचारायचं, बाई तू जाणार कधी? आम्ही ठाकूरद्वारची माणसं. आमच्याकडे पाहुणा निघाला, की मनात असो वा नसो, "बसा हो अजून" म्हणायची पद्धत. मी सरळ थाप मारली. "काकी विचारतायत, प्रवास कसा झाला?" पोरगी बिचारी पाच मिनिटं प्रवासाचं वर्णन करत राहिली. काकी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "एक तारीख सांगूक एवढा वेळ लागता?"

मग तारीख सांगावीच लागली. काकींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती पेनाने गोल काढला, पेन परत खिळ्याला अडकवलं, आणि तेव्हा कुठे त्या मुलीला म्हणाल्या, "बस गो बाय. च्या घेतलंस?"

मी तेव्हा दादरच्या एका छोट्या संस्थेत होते. बाहेरच्या देशांतून तरुण मुलंमुली यायची, दोन ते सहा महिने आमच्या बालवाड्यांत पोरांना शिकवायची, आणि तेवढे दिवस इथल्याच एखाद्या कुटुंबात राहायची. ती कुटुंबं शोधणं माझं काम. बहुतेक घरं दोन बेडरूमची, स्वतंत्र बाथरूमची असायची. काकींची मात्र नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकच खोली. एका कोपऱ्यात ओटा, त्याला लागून मोरी, आणि संडास सगळ्या मजल्याचा मिळून गॅलरीच्या टोकाला. ऑफिसमध्ये मला वेड्यात काढलं. पण काकी आमच्या त्या भागातल्या बालवाडीत मदतनीस होत्या. खिचडी करायच्या, नाकं पुसायच्या, पोरांना झोपवायच्या. त्यांनी स्वतःहून विचारलं होतं, "आमच्यात नाय राहूची ती?" मला नाही म्हणता आलं नाही. पुढची आठ वर्षं ऑफिसात सगळ्यात जास्त पत्रं काकींच्या नावाने यायची.

काकींचे यजमान, तात्या, गोदीतून रिटायर झालेले. पाहुणी आली की खाट तिची, काकी खाली, आणि तात्यांची वळकटी बाहेर गॅलरीत. आठ वर्षं हा माणूस गॅलरीत झोपला. मी एकदा ओशाळून काही बोलायला गेले तर म्हणाले, "बाहेर वारा बरा लागतो." आतून काकींचा आवाज आला, "वारा खयचो? विडी ओढूक मिळता."

काकींना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही. त्या मालवणीतच बोलायच्या, सावकाश, हातवारे न करता, समोरच्याला कळणारच असं धरून. महिन्याभरात त्या मुली "माका नको", "हय ये" असं बोलायला लागायच्या आणि दादरला ऑफिसात येऊन मला "काय गो" म्हणायच्या. एक मुलगी आली ती मांस-मच्छी तर नाहीच, दूध-दहीसुद्धा न खाणारी. मी भीतभीतच सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं. "दूध पण नको? म्हणजे च्या पण काळी?" मला वाटलं, आता नाही म्हणणार. "नारळ चालता काय तिका विचार," म्हणाल्या. नारळ चालत होता. ती मुलगी तीन महिने सोलकढी, भात, उसळ आणि भाकरी खाऊन गुटगुटीत झाली. काकी तिला "गरीब गाय" म्हणायच्या आणि तिच्यासाठी रोज पहाटे खोबरं वाटायच्या.

पण त्या मुलींवर काकींची माया होती असं मी सहज लिहून टाकलं तर ते अर्धंच होईल. काकींचा जीव होता बालवाडीतल्या पोरांत. मुलगी आली की दुसऱ्या दिवशी त्या तिला बालवाडीत नेत, चटईवर बसलेल्या बावीस-तेवीस पोरांसमोर उभी करत आणि सांगत, "ही दीदी. हिचं नाव अमुक. ही दिवाळीच्या आदल्या सोमवारी जाणार. मग येणार नाही. आता हिला नमस्ते करा." नमस्ते सगळ्यात शेवटी. मी एकदा म्हटलं, "काकी, तीन-चार वर्षांची पोरं ती. त्यांना सोमवार काय कळतोय? उगीच आधीपासून कशाला?"

"सोमवार नाय कळणा," काकी म्हणाल्या. "जाणार ता कळता."

आणि त्या जाण्याचा दिवस काकी अगदी साग्रसंगीत पार पाडायच्या. दीदीने एकेका पोराजवळ जाऊन त्याच्या नावाने सांगायचं, मी चालले. पोरं रडायची. आजूबाजूच्या बायका खिडकीतून म्हणायच्या, कशाला रडवताय लेकरांना. काकी कमरेवर हात ठेवून उभ्या. "रडूचा आसा तर आता रडा, ती हय आसा तवसर. मागसून रडलात तर तिका कसा कळतला?" मग सगळी वरात रस्त्यापर्यंत, टॅक्सी दिसेनाशी होईपर्यंत टाटा, आणि परत.

परत आल्यावर अजून एक काम असे. बालवाडीत दीदीला बसायला एक लाकडी पाट होता. जाणाऱ्या मुलीकडून काकी तिची काहीतरी एक वस्तू मागून घेत, आणि पोरांना घेऊन आल्या आल्या ती त्या पाटावर ठेवत. कंगवा, चष्म्याचं घर, एकदा तर नुसता एक पायमोजा. पाच दिवस तो पाट तसाच. त्यावर कुणी बसायचं नाही. पाच दिवसांनी ती वस्तू फळीवर जायची आणि पाट धुऊन नव्या दीदीसाठी मोकळा व्हायचा. पायमोज्याच्या वेळी मला हसू आवरेना. काकी म्हणाल्या, "गणपती पोचवून येतो तेव्हा पाट रिकामा आणतो काय आपण? वाळू आणतो ना त्यावर? मग." आमच्याही घरी वाळू आणतात. मी कधी विचारच केला नव्हता का आणतात त्याचा.

हे सगळं कुठून आलं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. एका दुपारी आम्ही दोघी बालवाडीत तांदूळ निवडत होतो, पोरं झोपली होती. एका पोराची आई त्याला सोडून गेली होती ती त्याचा डोळा चुकवून, आणि ते उठून थोडं रडून परत झोपलं होतं. आपल्याकडे सर्रास चालतं हे. मूल रडेल म्हणून त्याला कशात तरी गुंतवायचं आणि मागच्या मागे निघायचं. मीही माझ्या लेकाला असंच सोडून ऑफिसला जायचे.

काकी तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या आईन माका सांगितलान, जा, कोंबड्यांका दाणे घालून ये."

काकी तेव्हा पाच वर्षांच्या. वडील मुंबईत, आई त्यांच्याकडे निघालेली, पोरीला आजीजवळ ठेवून. पोर गळ्यात पडेल म्हणून तिला घरामागच्या परड्यात कोंबड्यांकडे पाठवलं. ती दाणे घालून आली तर आई नाही. "एक कोंबडी लांब गेल्ली. तिका बोलवत बसलंय. माका वाटला, माका उशीर झालो म्हणान गेली." दोन वर्षांनी आई मे महिन्यात आली. तोवर काकींनी रोज दाणे पळत जाऊन घातले आणि पळत परत आल्या. "आणि आई इली तेव्हा मी तिका 'तुम्ही' म्हटलंय."

एवढं बोलून त्यांनी सुपातले खडे बाजूला केले. त्या दिवसापासून मी माझ्या मुलाला सांगून निघायला लागले. तो रडायचा. मी उशिरा पोचायचे.

आता जे सांगायचं ते सांगायला मला जड जातंय, कारण त्यात चूक सर्वस्वी माझी आहे.

एलिन नावाची मुलगी आली होती, नॉर्वेची, एकोणीस वर्षांची. काकींकडे पाच महिने राहिली. बालवाडीत सई म्हणून चार वर्षांची एक पोर होती, कुणाशी फारशी न बोलणारी. तिच्या दोन वेण्या रोज एलिन घालायची, स्वतःच्या लाल रिबिनी लावून. एलिनची जायची तारीख अजून महिनाभर लांब होती. एका दुपारी तिच्या घरून फोन आला. भावाला अपघात, ताबडतोब नीघ. संध्याकाळचं विमान मिळालं. मी टॅक्सी घेऊन धावत बालवाडीत गेले. पोरं झोपलेली होती आणि काकी बालवाडीचं धान्य आणायला गेल्या होत्या. एलिन सईकडे बघून म्हणाली, "हिला उठवते." मी म्हटलं, नको. ती रडेल, तू रडशील, विमान चुकेल. आता नीघ, मी सांगते त्यांना नंतर. पोरगी माझं ऐकून चवड्यांवर चालत बाहेर पडली. चाळीतून तिची बॅग मीच आणली होती, तात्यांना सांगून.

मी नंतर सांगितलं नाही. सगळे करतात तेच केलं. "दीदी बाजारात गेलीय," म्हटलं.

सई दुसऱ्या दिवसापासून रिबीन हातात धरून दारात बसायला लागली. केस कुणाला बांधू देईना. खिचडी दारातच, झोप दारातच. काकी तिच्या शेजारी जाऊन बसायच्या, काही न बोलता. माझ्याशीही त्या नऊ दिवस एक शब्द बोलल्या नाहीत. मी गेले की चहा करून पुढ्यात ठेवायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. त्या रागावून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. दहाव्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं. "फोन लाव तिका. तोंड दिसता तो."

एलिनचा भाऊ वाचला होता. ती हॉस्पिटलच्या कुठल्याशा जिन्यात उभी होती. काकींनी फोन सईच्या समोर धरला आणि एलिनला म्हणाल्या, "सांग तिका. तूच सांग." एलिनला तेवढं कळत होतं. रडत रडत, तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "सई, मी गेले. मी येणार नाय. तू झोपली होती. तुझी चूक नाय." हे शेवटचं वाक्य तिला कुणी शिकवलं मला ठाऊक नाही. कदाचित काकींनी कोंबड्यांची गोष्ट तिलाही सांगितली असेल.

सईने स्क्रीनला बोट लावून बघितलं. मग उठली, आणि रिबीन काकींच्या हातात देऊन म्हणाली, "तू बांध." त्या दिवशी तिने आत बसून खिचडी खाल्ली. काकींनी दुसरी रिबीन पाटावर ठेवली, दहा दिवस उशिरा.

मी शिकले, असं मला वाटलं होतं.

पुढे पुनर्विकासात चाळी पडायला लागल्या. काकींची इमारतही रिकामी झाली, त्यांना जवळच तात्पुरती खोली मिळाली, चौदाव्या मजल्यावर. तिथे गॅलरीच नव्हती, त्यामुळे तात्या आत झोपायला लागले आणि पाहुणीला जागा उरली नाही. तसंही परदेशी मुलींचं येणं आटत चाललं होतं. संस्थेने तो कार्यक्रमच बंद केला, मी नोकरी सोडली. काकी मात्र बालवाडीत जात राहिल्या. फळीवरच्या वस्तू त्यांनी खोक्यात भरून नव्या जागेत नेल्या होत्या. सई आता पहिलीत होती, पण शाळा सुटली की ती बालवाडीतच यायची आणि लहान पोरांच्या वेण्या घालायची.

मग काकींचं पोट दुखायला लागलं. महिना दोन महिने त्यांनी ओवा खाऊन काढले. परळच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच परत शिवलं. बाहेरच्या बाकावर तात्या आणि मी. डॉक्टर तरुण होता, भला होता. किती दिवस ते त्याने स्पष्ट सांगितलं. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिका सांगू नको हां मेधा. खचात ती." मी लगेच मान हलवली. मला हायसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. सांगायची जबाबदारी माझ्यावर नव्हती आता. आम्ही दोघांनी ठरवलं, अल्सर म्हणायचं.

आणि बालवाडीत नव्या बाईंनी पोरांना सांगितलं, काकी गावाला गेल्या. ते मीच सुचवलं होतं. सगळ्या पोरांनी ऐकून घेतलं. एकटी सई म्हणाली, "नाही. गावाला गेली असती तर सांगितलं असतं. काकी सांगून जाते."

काकींनी मला चौथ्या दिवशी विचारलं. पहिला प्रश्न पोरांचा. "पोरांका काय सांगितलात?"

मी म्हटलं, "गावाला गेलात असं."

"गावाक? मी?" त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "मेधा, तारीख सांग."

"कसली तारीख, काकी?"

"माका शिकवू नको. पोट माझा आसा. दिवस किती ते सांग. पोरांका सांगूचा आसा. एक दिवस माका गाडीत घालून थय ने. पाच मिनिटा बस झाली. त्यांका सांगतंय आणि येतंय परत."

"बऱ्या व्हा, मग जाऊ की. डॉक्टर म्हणतायत अल्सर आहे, थोडे दिवस लागतील."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "पयल्या दिवशी पण तू असाच केललंस," त्या म्हणाल्या. "मी इचारलंय जातलंस कधी. तू तिका प्रवास इचारलंस."

इतकी वर्षं त्यांना ते माहीत होतं. मी उठून पाण्याचा जग भरून आणला, जो भरलेलाच होता. परत आले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून होत्या.

घरी येऊन मी ठरवलं, सांगायचं. तात्यांना काय वाटायचं ते वाटो. काकींना सगळं सांगायचं, डॉक्टरांची परवानगी काढायची, व्हीलचेअर, टॅक्सी, सगळं. नायगाव तिथून दहा मिनिटांवर. तेही नाही जमलं तर पोरांना खिडकीखाली आणायचं, फोन लावायचा, जो मार्ग त्यांनीच मला दाखवला होता. हे सगळं ठरवून मी दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला, चारला, वॉर्डात गेले.

काकी झोपल्या होत्या. तोंड जरासं उघडं, हाताला सलाईन. मी स्टुलावर बसले. मनात वाक्य जुळवत होते, कुठून सुरुवात करायची. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. त्या उठल्या नाहीत, आणि खरं सांगते, प्रत्येक मिनिटाला माझ्या जिवावरचं ओझं कमी होत गेलं. आज झोपू देत. किती दिवसांनी शांत झोपल्यात. उद्या सांगू. मी हळूच उठले. स्टूल वाजू नये म्हणून हाताने उचलून बाजूला केलं. चपला हातात घेतल्या नाहीत एवढंच, पण चालले मात्र चवड्यांवर, एलिनला जशी चालायला लावली होती तशी.

उद्या आलाच नाही. पहाटे तात्यांचा फोन आला.

पण मला दिसतं ते त्याच्या आदल्या संध्याकाळचं. वॉर्डाच्या दारापर्यंत गेले तेव्हा लक्षात आलं, माझी पाण्याची बाटली काकींच्या खाटेवरच राहिली. मी दारातल्या काचेतून वळून पाहिलं. काकी जाग्या होत्या. कधीच्या जाग्या होत्या, कोण जाणे. त्या माझ्या स्टुलाकडे बघत होत्या. मग त्यांनी सलाईन नसलेला हात पुढे केला, स्टूल दोनदा ओढून जवळ घेतलं, माझी बाटली उचलली आणि बरोबर त्याच्या मधोमध ठेवली.

मी दार ढकलून आत जायला हवं होतं. दहा पावलं होती. लिफ्ट आली, आणि मी गेले.